दिराच्या नावाची ओळ

पहिला घोट आक्का कधी गिळायची नाही. तोंडात घ्यायची, या गालातून त्या गालात फिरवायची, डोळे बारीक करायची आणि टेकाडाच्या कडेला जाऊन खाली थुंकायची. खाली म्हणजे कुठंही नाही हं, बरोबर दिराच्या घराच्या दिशेनं. त्याच्या घराचे नवे पत्रे तिथून चकाकताना दिसायचे. वारा उलटा असला तर ती तोंडात कॉफी धरून तशीच उभी राहायची.

"चव घेताना गिळायचं नसतं, तूच म्हणाली ना?" ती मला विचारायची.

म्हणाले होते मी. चार कप चाखून बघायचे तर माणसं थुंकतातच, नाहीतर जीभ चालत नाही आणि झोपही उडते. पण कुठल्या दिशेला थुंकायचं ते काही मी सांगितलं नव्हतं. ते तिचं तिनं ठरवलं.

माझी दिंडोरी रोडला रोपवाटिका आहे. गुलाब, जास्वंद, आंब्याची कलमं, बंगलेवाल्यांची कौतुकाची झाडं असा माझा धंदा. गिऱ्हाईक आलं की चेहऱ्यावरून मी ओळखते, हा घेणार की नुसता भाव विचारून जाणार. आक्का आली तेव्हा मात्र मला काही ओळखता आलं नाही. वणीच्या गाडीनं आली होती, हातात रिकामी पिशवी, कपाळ मोकळं. सरळ माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

"लय उंचावर, दगडात, वाऱ्यात, पाणी न घालता काय येतं?"

मी म्हटलं, "पवनचक्की येते, आक्का."

ती हसली नाही. मला वाटलं आता जाईल. तर खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "असं कायतरी दे, जे माझ्या दिराकडं नसंल."

अहो, इतकी वर्षं रोपं विकतेय. कुणी सावली मागतं, कुणी फळ मागतं, कुणी वास्तूला काय चांगलं ते विचारतं. झाडासाठी ही अट घालणारं गिऱ्हाईक मला पहिल्यांदाच भेटलं. मी चहा सांगितला. मग तिनं सगळं सांगितलं, आणि सांगताना एकदाही डोळ्याला पदर लावला नाही.

वणीच्या पुढे डोंगराच्या उतारावर त्यांची जमीन. दोघं भाऊ, आक्काचा नवरा थोरला. खालच्या सपाटीवर द्राक्षबाग, आणि बागेच्या कडेला विहीर. ती विहीर आक्काच्या नवऱ्यानं स्वतः खांदली होती, सुरुंग लावायला माणूस आणला तेवढाच काय तो बाहेरचा. पाणी लागलं तेव्हा पहिली ओंजळ त्यानं बायकोला प्यायला दिली. पुढे नवरा तापानं गेला. पोरबाळ नव्हतं. तेरावं झालं आणि दिरानं वाटणी मांडली. त्याला खालची बाग आणि विहीर, आक्काला वरचं टेकाड. विहिरीत हिस्सा नाही. कागदावर दोन्हीकडं एकर सारखेच, त्यामुळे बोलायला जागा नाही. वर नुसते दगड आणि कुसळं.

"मी इचारलं, भाऊजी, वर मी काय करू? चार पावणे बसलेले. तर म्हणाला, वैनी, हवा चांगली हाय वर."

पाहुणे हसले म्हणे. ते हसणं आक्काच्या कानात कायमचं राहिलं. सांगताना तिनं माझ्या टेबलावरची कात्री उचलून पुन्हा खाली ठेवली.

"मग कोर्टात जा," मी म्हटलं.

"कोर्टात त्याचा वकील बोलंल. मला त्याचं तोंड पाहिजे. चारचौघांत त्यानं म्हणावं, वाटणी मी खोटी केली. बास. पाणीबी नको मला."

"असं कोण म्हणतं, आक्का?"

"अडला हरी गाढवाचे पाय धरतो. त्याला अडवायचा. मग मी गाढव व्हायला तयार हाय."

तिथंच ती मला आवडली. लोक मला समजूतदार वगैरे म्हणतात, पण मुळात मी तसली नाही. माझ्या सासरच्या काही माणसांना मी अजून पाण्यात पाहते आणि मरेपर्यंत पाहीन. तेव्हा आमचं जमायला वेळ लागला नाही.

तेव्हा नेमकी माझ्याकडं कॉफीची रोपं होती. चिकमंगळूरहून एका ओळखीच्या माणसाकडून आणलेली, बंगलेवाल्यांनी कुंडीत लावावीत म्हणून. बंगलेवाल्यांना कॉफी कपातच आवडते असं नंतर कळलं. मी आक्काला म्हटलं, कॉफीला उंची लागते, थंडी लागते, वाऱ्याला आडोसा लागतो आणि मुख्य म्हणजे डोक्यावर सावली लागते. सावली केलीस, पहिली दोन वर्षं पाणी वर नेलंस, तर येईलसुद्धा. पण एकच जात लावू नकोस. चार लाव, शेजारी शेजारी, आणि तुझ्या टेकाडाला कोण मानवतं ते बघ.

"दिराकडं नाय ना?"

"नाशिक जिल्ह्यात कुणाकडं नाही."

"दे."

आधी पांगारा आणि सिल्व्हर ओक लावले, सावलीसाठी. तोवर कॉफीची रोपं माझ्याकडंच वाढवली. मग चार जातींच्या चार ओळी, टेकाडाच्या आडव्या उतारावर. पाणी ती झऱ्यावरून डोक्यावर आणायची. खालच्या विहिरीचं पाणी तिनं वाटणी झाल्यापासून तोंडाला लावलं नव्हतं. गावातली माणसं म्हणायची, म्हातारीला वारं लागलं. दीर म्हणायचा, "लावू द्या, शेळ्यांना पाला तरी हुईल."

मी प्रत्येक ओळीला जातीच्या नावाची पाटी करून दिली होती. पुढच्या खेपेला गेले तर पाट्या गायब.

"कुठं गेल्या गं?"

"चुलीत. मी माझी नावं ठेवली."

आणि मला फिरवून दाखवलं. सिलेक्शन नऊ, उंच, सावकाश वाढणारी, पाऊस लांबला तरी तग धरणारी. तिचं नाव सासूबाई. "पयल्या वर्षी लय छळती, पण मोडत नाय." एस सातशे पंचाण्णव, देखणी, उंच, पण आभाळ जरा आलं की पानांवर तांबेरा. ती नणंद. "माहेरी आली की आजारीच पडायची, ही तशीच." चंद्रगिरी, बुटकी, जाड पानांची, कुरकूर न करणारी. त्या ओळीपाशी ती जरा थांबली. "हे आमचे मालक," म्हणाली आणि एका झाडाच्या बुंध्याशी माती उगाचच सारखी केली.

चौथी ओळ कावेरी. ठेंगणी, चटकन वाढणारी, पानं टवटवीत, सगळ्यांच्या आधी फळ धरणारी. बघताक्षणी हीच आवडावी अशी.

"आणि ही?"

"हे भाऊजी," आक्का म्हणाली. "बघ कसं मिरवतंय मेलं. खायला सगळ्यात जास्त लागतं त्याला. शेणखत घातलं नाय तर आठ दिवसांत तोंड पाडून बसतं."

ती त्या झाडांशी बोलायची. सासूबाईंना टोमणे मारायची, नणंदेला औषध फवारताना "घ्या, लाड करून घ्या" म्हणायची. मालकांच्या ओळीत मात्र ती गप्प काम करायची. आणि भाऊजींच्या ओळीत छाटणी करताना तिच्या हातातली कात्री जरा जोरानं चालायची. मी स्वतः पाहिलंय.

पहिलं फळ आलं तसा तिनं चाखायचा कार्यक्रम सुरू केला. लाल फळं तोडायची, साल काढून बिया धुवायच्या, वाळवायच्या, उखळात हलक्या हातानं कांडायच्या आणि लोखंडी कढईत भाजायच्या. धूर असा की खालून माणसं विचारायची काय जळतंय. मग चार सारखे स्टीलचे पेले, आणि कुठल्या पेल्यात कुठली कॉफी ते आम्हाला कळू द्यायची नाही. शेजारच्या बायका यायच्या, एक घोट घ्यायच्या आणि म्हणायच्या, "दूध नाय का? गूळ तरी टाक गं." आक्का चिडायची. "दूध-गुळात काय, चिखलबी गोड लागंल."

या बायकांत एक जण चोरून यायची. दिराची सून. नामपूरची पोर, कांदेवाल्यांच्या घरातली, नवरा पिंपळगावला पॅकहाऊसवर कामाला. शेतातलं आणि घरातलं सगळं हिच्याच अंगावर. सासऱ्याची नजर चुकवून ती गवताच्या निमित्तानं वर यायची. तिनं पहिल्यांदा चंद्रगिरीचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं, मग दुसरा घेतला.

"कडू शे," ती तिच्या अहिराणीत म्हणाली, "पन गोड लागस."

आक्का तिच्याकडं बघत राहिली. त्या पोरीला तिनं त्या दिवसापासून थुंकू दिलं नाही. "तू पी," म्हणायची. "तुला काय चाखायचंय, तू पी."

दिराच्या माणसाला जीव लावते म्हणून मी एकदा आक्काला टोकलंही. ती म्हणाली, "ती कुठं त्याची हाय? ती दुसऱ्याकडनं आणलेली. माझ्यासारखीच."

मग ते दोन मार्च आले. द्राक्षवाल्यांच्या घरात मार्चमध्ये कुणी मोठ्यानं बोलत नाही. माल तयार असतो आणि डोळे आभाळाकडं. त्यात अवकाळी आला की मणी तडकतात, गोळा करायलाही माणूस लावावासा वाटत नाही. लागोपाठ दोन वर्षं तसंच झालं. गाव रडत होतं. आणि आता जे सांगते ते ऐकून तुम्ही आक्काला नावं ठेवाल, ठेवा खुशाल. खाली पाऊस पडत होता, आणि वर आक्का भर पावसात उभी राहून "पड, अजून पड!" म्हणत होती.

कारण कॉफीला नेमका तोच पाऊस लागतो. उन्हाळ्याच्या तोंडाला एक सर आली की झाडं आठवड्याभरात पांढरी होतात, फांदीभर फुलं. गारा असत्या तर तिचंही गेलं असतं. पण गारा नव्हत्या, पाणी होतं. ज्या पाण्यानं दिराची बाग बसली त्याच पाण्यानं आक्काचं टेकाड फुललं. मोगऱ्यासारखा वास. तो वास वाऱ्यावर खाली गावात उतरला, दिराच्या ओसरीपर्यंत.

"गावाचं वाईट वाटतं गं," ती मला म्हणाली. "सगळ्यांचं वाईट वाटतं. एक घर सोडून."  मग विहिरीचं सांगत बसली. नवऱ्याचे हात सोलून निघाले होते, तिनं त्याला हळद-तेल लावलं होतं, आणि धाकटा भाऊ तेव्हा कडेला बसून बिडी ओढत होता.

दुसऱ्या वर्षीच्या अवकाळीनंतर दीर टेकाड चढून वर आला. मी नेमकी तिथं होते, माझं नशीब. धोतर-टोपी वगैरे काही नाही हो, चांगली इस्त्रीची पँट, हातात मोटारसायकलची चावी. चढताना धाप लागली होती. आक्कानं पाणीसुद्धा विचारलं नाही.

"वैनी, लय भारी केलं तुम्ही."

"हवा चांगली हाय वर," आक्का म्हणाली.

तो ओशाळला, पण किती वेळ? लगेच मुद्द्यावर. द्राक्षात आता राम राहिला नाही, खालची अर्धी बाग काढतो, कॉफी लावतो, रोपं द्या, घरातलीच माणसं आपण. आक्कानं ऐकून घेतलं.

"चारचौघांत बोलाल का?"

"काय?"

"वाटणीचं."

त्यानं इकडं तिकडं पाहिलं. "जुनं काय उकरायचं वैनी? झालं गेलं."

बस, तिथं संपलं. मी आक्काचा चेहरा पाहत होते. त्याच्या एका शब्दावर तिनं आपला सगळा हिशेब मिटवला असता. बाई त्याला सावलीसकट, पाण्यासकट सगळं शिकवणार होती, मला पक्कं ठाऊक आहे. "झालं गेलं" म्हणाला आणि तिचा चेहरा पुन्हा दगड झाला.

"बघा, कुठली पाहिजेत ती बघा," ती म्हणाली.

तो ओळींमधून फिरला. सासूबाई त्याला लुकडी वाटली, नणंद रोगट वाटली, मालकांकडं तर बघितलंही नाही. आणि कावेरीपाशी जाऊन उभा राहिला. फळांनी वाकलेली, टवटवीत.

"ही द्या. हिच्यात दम हाय."

"तुम्ही जाणते," आक्का म्हणाली.

"आणि वैनी, हे रान कशाला माजवलं वर? ऊन पडू द्या की. उन्हाशिवाय साखर भरती का कुठं?"

आक्का काही बोलली नाही. मीही बोलले नाही. तुम्ही म्हणाल, तू रोपवाटिकावाली, तू तरी सांगायचं. मला विचारलं का त्यानं? नाही विचारलं. उलट जाताना मला म्हणाला, "काय मॅडम, कुंड्या बऱ्या खपतात का?" मग कशाला सांगू?

अहो, द्राक्षवाला तो. द्राक्षवाल्याच्या मनात सावली म्हणजे शत्रू. बागेवर एका झाडाची सावली पडली तर ते झाड तोडल्याशिवाय त्याला झोप येत नाही. आक्कानं माझ्याकडून मागवून दिलेली कावेरी त्यानं लावली, ती त्या खालच्या उन्हाच्या जमिनीत, आणि बांधावरचे दोन आंबेसुद्धा पाडले. द्राक्षाला देतो तसे खतांचे डोस दिले. पाणी होतंच, थोरल्या भावाच्या विहिरीचं.

आंबे पाडले त्या दिवशी सून धावत वर आली.

"मोठ्या आत्याबाई, सावली तोडली. चालंल का?"

आक्कानं कडेला जाऊन खाली पाडलेल्या झाडांकडं पाहिलं. मग म्हणाली, "तू इचारलंस म्हणून सांगते. नाय चालणार. पण घरात बोलू नकोस, तुझ्यावर येईल."

पोरगी बोलली. मुकाट बसणं तिला जमलं नाही. सासरा म्हणाला, "नामपूरला कांदे करत होतीस ना? कॉफी शिकवू नकोस मला."

कॉफीचं असं आहे, सावली नसली की ती झेपेल त्याहून जास्त फळ धरते. त्यात कावेरीची जात मुळातच हावरी. दोन वर्षांनी पहिल्या बहराला त्याच्या झाडांना फळं अशी लागली की पानं दिसेनात. आक्काच्या दुप्पट. गाव बघायला लोटलं. दिरानं फेटा बांधून फोटो काढले. द्राक्षाचे घड विरळ करण्यात ज्याचा हात धरणारा कुणी नव्हता, त्या माणसानं इथं एक फळ कुणाला तोडू दिलं नाही. वणीच्या बाजारात माझ्यासमोर म्हणाला, "वैनीची कॉफी म्हणजे औषधाच्या बाटलीतलं पाणी. माल बघायचा तर माझ्याकडं या."

मी दात ओठ खात टेकाडावर गेले. आक्का शेंगा निवडत होती.

"चिडू नकोस," ती म्हणाली. "भाऊजींच्या ओळीची दोन झाडं मीबी एकदा सावलीबाहेर लावून बघितली होती. मला म्हाईत हाय पुढं काय हुतं ते."

पुढचं मी सांगते. फळं तोडून झाली आणि झाडांच्या फांद्या शेंड्याकडून काळ्या पडायला लागल्या. वरून खाली वाळत आल्या. त्यानं आणखी खत घातलं, आणखी पाणी दिलं, फवारण्या केल्या. झाडांत जीवच उरला नव्हता, सगळा एका बहरात देऊन बसली होती. उन्हाळा संपेपर्यंत अर्ध्या बागेच्या काटक्या झाल्या. आक्का रोज सकाळी टेकाडाच्या कडेला उभी राहून ते बघायची. मी विचारलं, कसं वाटतंय? "गार," ती म्हणाली. मलाही वाटलं. खोटं कशाला बोलू, मी त्या दिवशी येताना वणीत पेढे घेतले.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. त्यानं चूक मानली का? छे! वैनीनं मरतुकडी रोपं दिली, आणि त्या नाशिकच्या बाईचा माल बोगस, असं गावभर केलं. मी वणीच्या बाजारात त्याला गाठलं आणि भर गर्दीत म्हटलं, "तीच जात वर तुमच्या वहिनीकडं हिरवीगार उभी आहे. माल बोगस आहे की माणूस?" भाजीवाल्या हसल्या. मला अजून तो प्रसंग आठवला की बरं वाटतं.

पण एक वाईट झालं. घरात त्यानं सगळं सुनेवर काढलं. तिनं पाणी नीट दिलं नाही, तिचा पायगुण, तिचं तोंड काळं. पोरगी एक दिवस वर आली ती गवत न कापता मालकांच्या ओळीत जाऊन बसली. गालावर बोटं उठलेली. आक्कानं तिला काही विचारलं नाही. पेलाभर कॉफी दिली, शेजारी बसली. तो पहिला आणि शेवटचा दिवस, जेव्हा मी आक्काला रडताना पाहिलं.

"मी त्याच्यावर दगूड मारला," ती म्हणाली, "आणि लागला हिला."

म्हणून तिनं सूड सोडला असं समजू नका. तिनं तो नीट केला. तिच्यामागं टेकाड कायद्यानं दिराकडंच जाणार होतं, तिला मूल नाही म्हणून. हे तिला दिंडोरीच्या वकिलानं सांगितलं तेव्हा ती इतकी संतापली की गाडी सोडून चालत वणीपर्यंत आली. आठवड्याच्या आत मृत्युपत्र केलं. टेकाड, चारही ओळी, झोपडी, कढई, सगळं सुनेच्या एकटीच्या नावावर. आणि लपवलं नाही. स्वतः खाली जाऊन, दिराच्या दारात उभी राहून, आळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगून आली. "उद्यापासून हिच्यावर हात टाकताना इचार करा भाऊजी. कॉफीची मालकीण हाय ती." त्यानंतर त्याचा हात उठला नाही. आवाजसुद्धा खाली आला, सून सांगत होती.

गेल्या हिवाळ्यात ती आजारी पडली. थंडीत फळं पिकायला लागली होती, अर्धी तोडणी झाली होती. छातीत कफ भरला, तिला नाशिकला दवाखान्यात आणलं. मी रोज जायची. ती मला कॉफीचंच विचारायची, चंद्रगिरी उतरली का, नणंदेला काही झालं का. इतकी वर्षं चाखून तिचा निकाल ठरला होता. चव सासूबाईंची, पण टेकाडाला धरून राहील ती मालकांचीच ओळ. पुढची सगळी लागवड चंद्रगिरीची करायची, असं तिनं सुनेला बजावून ठेवलं होतं.

एका दुपारी मी आणि सून तिथं असताना दीर आला. हातात सफरचंदांची पिशवी.

"बरं हाय का वैनी?"

आक्कानं त्याच्याकडं पाहिलं. आवाज पार बसला होता तिचा. "बोलायचं असंल तर बोला. ही हाय, पोर हाय, त्या दोन सिस्टरी हायेत. चौघी झाल्या."

 सिस्टर सलाईन बघायची थांबली. मी मनात म्हणत होते, बोल मेल्या, एकदा बोल.

"ही काय बोलायची येळ हाय का?" तो म्हणाला. "आधी बऱ्या व्हा."

आक्कानं भिंतीकडं तोंड फिरवलं. दोन दिवसांनी गेली.

दहावा रामकुंडावर केला. पिंड द्यायला तोच, दुसरं होतं कोण? सून, मी आणि गावातली माणसं मागं उभी. ज्यांनी रामकुंड पाहिलंय त्यांना सांगायला नको, तिथले कावळे कधी कुणाला अडवत नाहीत. रोज इतके पिंड, पोटं भरलेली, तरी भात खाली ठेवायच्या आत झडप घालतात. आमच्या आजूबाजूला दोन-तीन घरांचे पिंड होते, त्यांना शिवून झालं. आमच्या पिंडासमोर एक कावळा कठड्यावर बसला होता. बसूनच राहिला.

सून पुढं झाली. "मोठ्या आत्याबाई, झाडं सांभाळीन, सावली मोडू देणार नाय." कावळा हलला नाही. मी म्हटलं, "आक्का, तुझी कॉफी तुझ्याच नावानं विकीन, कुणाच्या मालात मिसळू देणार नाही." नाही. गावातल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं, टेकाडाची वाट करून देऊ. नाहीच. ऊन चढलं. गुरुजी म्हणाले, "कुणाचं काही राहिलंय का? असेल तर बोलून टाका."

कुणी कुणाकडं बोट दाखवलं नाही. पण सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या. दिरानं पंच्यानं मान पुसली. दोनदा पुसली. मग पुटपुटला.

"मोठ्यानं," तो म्हातारा म्हणाला. "ऐकू जायला पाहिजे."

आणि तो बोलला. भर रामकुंडावर, अनोळखी माणसं थांबून बघत असताना. "वैनी, वाटणी मी खोटी केली. इहीर दादानं खांदली, निम्मं पाणी तुमचं व्हतं. दगडाचं टेकाड मी मुद्दाम तुमच्या पदरात घातलं. चुकलो मी." शेवटी त्याचा आवाज फाटला.

इतकी वर्षं ज्या वाक्याची आम्ही दोघींनी वाट पाहिली ते मी एकटीनंच ऐकलं. मला आनंद व्हायला हवा होता. मी तोंडात पदर कोंबून रडले.

कावळा उडाला. सगळ्यांनी हात जोडले. तो आमच्यावरून गेला, शेजारच्या कुणाच्या तरी पिंडावर उतरला, चार घास खाल्ले आणि परत येऊन त्याच कठड्यावर बसला.

"बोललो की," दीर माझ्याकडं वळून म्हणाला. डोळे लाल झाले होते. "सगळ्यांसमोर बोललो. अजून काय पाहिजे हिला?"

"दवाखान्यात बोलायचं होतं, भाऊ," मी म्हटलं.

तो तसाच उभा राहिला, हात जोडलेले, कठड्याकडं बघत. गुरुजींनी आणखी थोडा वेळ वाट पाहिली. मग दर्भाचा कावळा वळून त्याच्या हातात दिला.

"लावा पिंडाला," ते म्हणाले. "मागची माणसं खोळंबलीत."